इम्पोर्ट लिहिलंय, तरी क्लास का सापडत नाही?

जावाचा छोटा प्रोजेक्ट हाताने लिहायला घेतला, म्हणजे साधा एडिटर आणि कमांड प्रॉम्प्ट एवढंच, की सुरुवात छान होते. आपलेच दोन-चार क्लास, सगळे एकाच फोल्डरमध्ये, जावासी मारलं की कंपाइल, जावा मारलं की रन. मग कधीतरी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला क्लास लागतो. जेसन या फॉर्मॅटमधला डेटा वाचायचाय म्हणून गूगलची जीसॉन, एक्सेल वाचायचंय म्हणून अपाची पीओआय, डेटाबेसला जोडायचंय म्हणून मायएसक्यूएलचा ड्रायव्हर. त्यांची जार फाइल, म्हणजे तयार क्लास एकत्र बांधलेली फाइल, डाउनलोड होते, फोल्डरमध्ये पडते, कोडच्या वर इम्पोर्टची ओळ लिहिली जाते, आणि कंपायलर सरळ सांगतो की असं पॅकेजच, म्हणजे त्या नावाचा क्लासचा गटच, अस्तित्वात नाही.

ठाण्यात आमच्या सोसायटीत आणि आजूबाजूच्या बिल्डिंगमध्ये बीएससी आयटी, डिप्लोमा, इंजिनिअरिंग करणारी बरीच पोरं आहेत, आणि मी नोकरीला ऐरोलीला, त्यामुळे सकाळी ट्रान्स हार्बरच्या लोकलमध्ये बसले की व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट यायला लागतात, "ताई, जार टाकली, इम्पोर्ट पण केलंय, तरी एरर येतोय, काय करू?" सबमिशनच्या दिवसांत तर जास्तच. तोवर त्या मुलाने जार चार ठिकाणी कॉपी केलेली असते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये काहीतरी घातलेलं असतं, जावा दोनदा अनइन्स्टॉल करून झालेलं असतं. वाईट वाटतं, कारण मुलं मेहनती असतात आणि विषय तसा लहान आहे, फक्त तो कोणी नीट बसून सांगत नाही. म्हणून इथे सगळं एका जागी लिहितेय. कमांड वाचायला सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करायच्या.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करून टाकू. जावासी आणि जावा हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. जावासी म्हणजे कंपायलर, तो तुमची डॉट जावा फाइल वाचतो आणि डॉट क्लास फाइल तयार करतो. जावा म्हणजे लाँचर, तो ती क्लास फाइल उचलून व्हर्च्युअल मशीनवर चालवतो. पहिल्याला तुम्ही जे काही सांगितलं त्यातलं दुसऱ्याला काहीही कळत नाही. क्लास फाइलमध्ये फक्त एवढं लिहिलेलं असतं की मला अमुक नावाचा क्लास लागणार आहे, तो कुठल्या जारमध्ये आहे, ती जार कुठल्या फोल्डरमध्ये आहे, यातलं एक अक्षरही तिच्यात नसतं. त्यामुळे बाहेरचा क्लास कुठे आहे ते दोनदा सांगावं लागतं, एकदा कंपायलरला आणि एकदा लाँचरला. माझ्याकडे येणाऱ्या स्क्रीनशॉटपैकी बऱ्याच जणांचं दुखणं इथेच असतं, एकाला सांगितलेलं असतं आणि दुसऱ्याला सांगायचं राहिलेलं असतं.

दुसरी गोष्ट इम्पोर्टची, आणि इथे जरा थांबून वाचा. सी शिकून आलेल्या मुलांच्या डोक्यात इन्क्लूड बसलेलं असतं, की ती ओळ लिहिली म्हणजे ती फाइल आत आली. जावाचं इम्पोर्ट तसं काही करत नाही. ते काही आणत नाही, काही लोड करत नाही, कुठे शोधायचं तेही सांगत नाही. ते फक्त नाव छोटं करतं. कॉम डॉट गूगल डॉट जीसॉन डॉट जीसॉन असं पूर्ण नाव प्रत्येक वेळी लिहायला नको, नुसतं जीसॉन लिहिलं तरी चालेल, एवढीच सोय. हवं तर इम्पोर्टची ओळ काढून टाका आणि कोडमध्ये सगळीकडे पूर्ण नाव लिहा, प्रोग्राम तसाच चालेल. म्हणजे "इम्पोर्ट केलंय तरी सापडत नाही" ही तक्रारच उभी राहत नाही, कारण सापडण्याचा आणि इम्पोर्टचा संबंधच नाहीये. इम्पोर्टमुळे नाव कळतं, ठिकाण क्लासपाथमुळे कळतं.

क्लासपाथ म्हणजे ठिकाणांची यादी. नवी मुंबईचा पत्ता डोळ्यासमोर आणा. नुसतं सेक्टर ८, अमुक प्लॉट असं सांगून भागत नाही, सेक्टर ८ वाशीलाही आहे, नेरुळलाही आहे, ऐरोलीलाही आहे. आधी नोड कुठला, म्हणजे वाशी की नेरुळ की ऐरोली, ते सांगावं लागतं आणि मग त्याच्या आत सेक्टर, प्लॉट, बिल्डिंग असं शोधत जायचं. जावात पॅकेजचं नाव म्हणजे सेक्टरपासून पुढचा पत्ता, आणि क्लासपाथमधली एकेक नोंद म्हणजे एकेक नोड. कंपायलर पहिल्या नोंदीत जातो, तिथे कॉम, मग त्याच्या आत गूगल, मग त्याच्या आत जीसॉन असं फोल्डर आणि शेवटी जीसॉन डॉट क्लास नावाची फाइल आहे का बघतो, नसेल तर यादीतल्या दुसऱ्या नोंदीत जातो, आणि जिथे पहिल्यांदा सापडेल तिथे थांबतो. यादीत नसलेल्या ठिकाणी तो पाऊलही टाकत नाही, मग ती जार अगदी तुमच्या कोडच्या शेजारी त्याच फोल्डरमध्ये का पडलेली असेना.

हे शेजारी पडलेली असण्याचं प्रकरण खूप जणांना फसवतं. करंट फोल्डर क्लासपाथवर असलं तर त्यातल्या सुट्या क्लास फाइल दिसतात, पण त्यात ठेवलेली जार उघडून कोणी बघत नाही. जार ही मुळात झिप फाइल आहे, आत तीच फोल्डरची उतरंड असते, पण तिच्या आत शिरायचं असेल तर तिचं नाव क्लासपाथमध्ये स्वतंत्र द्यावं लागतं. आत काय आहे बघायचं तर जार टीएफ आणि पुढे फाइलचं नाव, एवढी कमांड मारा, पूर्ण यादी समोर येते. ही सवय लावून घ्याच. कारण नेटवरून जार उतरवताना बरेचदा चुकून सोर्सेस नावाची किंवा जावाडॉक नावाची जार उतरते, नावात शेवटी तेवढाच फरक असतो, पहिलीत नुसत्या डॉट जावा फाइल आणि दुसरीत नुसती एचटीएमएल पानं, चालवायला क्लास एकही नाही. दोन सेकंदांत कळतं, नाहीतर संध्याकाळ जाते.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब ठेवणारा प्रोग्राम आहे, एक क्लास हिशोब, एक क्लास सभासद, शेजारी लिब नावाचं फोल्डर आणि त्यात जीसॉन-२.१०.१.जार. कमांड अशी, तिच्यातलं सीपी म्हणजे क्लासपाथ:

जावासी -सीपी लिब/जीसॉन-२.१०.१.जार हिशोब.जावा

जार सापडली, पण आता कंपायलर म्हणतो, कॅननॉट फाइंड सिंबल, सभासद. काल तर सभासद सापडत होता! झालं असं की काल तुम्ही क्लासपाथ दिलाच नव्हता, आणि काहीच दिलं नाही तर जावा आपणहून करंट फोल्डर धरतं. ज्या क्षणी तुम्ही सीपी लिहिलं त्या क्षणी ती डिफॉल्ट यादी गेली आणि फक्त तुमची यादी राहिली, त्यात फक्त जीसॉन आहे. कंपायलर दुसरे सोर्स सुद्धा, वेगळा सोर्सपाथ दिला नसेल तर, याच यादीत शोधतो, म्हणून शेजारची सभासद डॉट जावा पण दिसेनाशी झाली. उपाय म्हणजे एक टिंब. टिंब म्हणजे करंट फोल्डर, तेही यादीत घालायचं:

जावासी -सीपी ".;लिब/जीसॉन-२.१०.१.जार" हिशोब.जावा

जावा -सीपी ".;लिब/जीसॉन-२.१०.१.जार" हिशोब

दुसऱ्या ओळीत तीच यादी परत दिली आहे बघा, आणि शेवटी डॉट जावा किंवा डॉट क्लास काही नाही, नुसतं क्लासचं नाव. क्लास एखाद्या पॅकेजमध्ये असेल तर पॅकेजसकट पूर्ण नाव, आणि कमांड पॅकेजच्या फोल्डरच्या आत शिरून नाही, तर सगळ्यात वरच्या फोल्डरमधून मारायची.

ही दुसरी ओळ चुकली तर कसं चुकलं ते एरर वाचूनच कळतं, आणि मुलं एरर वाचत नाहीत, नुसता लाल रंग बघतात, म्हणून सांगते. सीपी न देता नुसतं जावा हिशोब मारलं तर नो क्लास डेफ फाउंड एरर येतो आणि पुढे जीसॉनचं नाव, मध्ये तिरक्या रेघा देऊन. म्हणजे तुमचा क्लास सापडला, बाहेरचा नाही. उलट टिंब विसरून फक्त जार दिली तर मेन क्लास हिशोब सापडत नाही असा मेसेज आणि खाली क्लास नॉट फाउंड एक्सेप्शन. म्हणजे बाहेरचं सगळं आहे पण तुमचाच क्लास गायब. कोणाचं नाव लिहिलंय ते बघितलं की यादीत काय कमी आहे ते लगेच कळतं.

मधलं ते सेमीकोलन विंडोजसाठी आहे. लिनक्स आणि मॅकवर तिथे कोलन द्यायचा. विंडोजवर कोलन चालत नाही कारण तो सी ड्राइव्हच्या नावातच असतो, आणि लिनक्सवर सेमीकोलन चालत नाही कारण शेलच्या दृष्टीने तिथे कमांड संपते. कॉलेजच्या लॅबमध्ये उबंटू आणि घरी विंडोज असं असलं की हमखास गोंधळ होतो, लिनक्सवर टर्मिनल अर्धी कमांड जावाला देतं, उरलेली अर्धी म्हणजे जारचं नाव हीच एक वेगळी कमांड समजून चालवायला जातं आणि परमिशन डिनाइड म्हणतं, आणि मुलगा बिचारा फाइलच्या परमिशन बदलत बसतो. विंडोजवर सुद्धा एक खाच आहे. व्हीएस कोडमधलं टर्मिनल उघडलं तर ते साधारणपणे पॉवरशेल असतं, आणि पॉवरशेलमध्येही सेमीकोलन म्हणजे कमांडचा शेवट. जुन्या काळ्या कमांड प्रॉम्प्टवर चाललेली ओळ तिथे चालत नाही ती याच्यामुळे. म्हणून पूर्ण यादी कायम डबल कोट्समध्ये लिहा, मी वर लिहिलीय तशी. फोल्डरच्या नावात स्पेस असेल, न्यू फोल्डर वगैरे, तरी कोट्समुळे निभावतं.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला जावासीची सगळ्यात त्रासदायक सवय वाटते. क्लासपाथमध्ये तुम्ही जारचं नाव चुकीचं टाइप केलं, २.१०.१ च्या जागी २.१.१, तर कंपायलर त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. नसलेली नोंद तो गुपचूप सोडून देतो आणि पुढे जाऊन पॅकेज नाही म्हणतो. तुम्ही शपथेवर सांगता की जार दिलीय, आणि दिलेली असतेच, फक्त त्या नावाची फाइल नसते. यासाठी कमांडमध्ये -एक्सलिंट:पाथ घाला, मग तो स्पष्ट वॉर्निंग देतो की ही नोंद खराब आहे, अशी फाइल किंवा फोल्डर नाही. आणि तरी काही कळत नसेल तर जावासीला -व्हर्बोस द्या, बरंच काही छापून येतं, त्यात क्लास शोधायची पूर्ण यादी असते, म्हणजे कंपायलर खरोखर कुठे कुठे बघतोय ते डोळ्यांनी दिसतं. रन करताना जावा -व्हर्बोस:क्लास दिलं तर कुठला क्लास कुठल्या जारमधून उचलला ते ओळीने येतं. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे दहा पटीने बरं.

डेटाबेसची गंमत वेगळी आहे आणि ती समजली की दोन क्लासपाथ वेगळे का ते कायमचं डोक्यात बसतं. मायएसक्यूएलला जोडणारा प्रोग्राम ड्रायव्हरची जार न देता व्यवस्थित कंपाइल होतो, एकही एरर नाही. कारण कनेक्शन, स्टेटमेंट, रिझल्टसेट ही सगळी नावं जावा डॉट एसक्यूएल पॅकेजमधली, आणि ते पॅकेज जावाबरोबरच येतं. ड्रायव्हरचा खरा क्लास तुमच्या कोडमध्ये नावाने कुठेच वापरलेला नसतो, असलाच तर क्लास डॉट फॉरनेमच्या कंसात कोट्समध्ये, आणि कोट्समधल्या मजकुराची कंपायलरला फिकीर नसते. मग रन केल्यावर नो सूटेबल ड्रायव्हर फाउंड. "पण कंपाइल तर झालं होतं ना ताई!" हो, झालं होतं, कारण कंपाइलला ती लागतच नव्हती, लागणार होती रनला. फॉरनेमची ओळ सुद्धा आता लिहायची गरज नाही, २००६ सालच्या जावा ६ पासून जेडीबीसीची, म्हणजे डेटाबेसला जोडायच्या जावाच्या पद्धतीची, ४ नंबरची आवृत्ती आली, त्यात ड्रायव्हरची जार स्वतःच्या पोटात एका ठरलेल्या फाइलमध्ये आपल्या क्लासचं नाव लिहून ठेवते आणि जावा ते वाचून घेतं. जुन्या नोट्समध्ये कॉम डॉट मायएसक्यूएल डॉट जेडीबीसी डॉट ड्रायव्हर असतं, नव्या जारमध्ये मध्ये एक सीजे आलाय. नोट्स अजून तशाच फिरतायत.

पीओआयचं दुखणं आणखी वेगळं. सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे मेंटेनन्सची यादी एक्सेलमध्येच असणार, ती वाचायची म्हणून पीओआयची जार आणली, दिली, कंपाइल झालं, आणि रन केल्यावर असल्या क्लासचं नाव घेऊन एरर आला जे तुम्ही जन्मात ऐकलेलं नाही, एक्सएमएलबीन्स काय, कॉमन्स कंप्रेस काय. बाहेरचा क्लास स्वतः आणखी बाहेरचे क्लास वापरतो, आणि ते तुमच्याच क्लासपाथवर लागतात. नव्या एक्सेलची एक्सएलएसएक्स फाइल आतून एक्सएमएलने भरलेली झिप असते, म्हणून पीओआयला झिप उघडणारी लायब्ररी लागते आणि एक्सएमएल वाचणारी पण. एकेक जार शोधून एकेक नाव क्लासपाथला जोडत बसलात तर कमांड दोन ओळी लांब होते. त्याऐवजी सगळ्या जार लिब फोल्डरमध्ये टाका आणि लिब/* असं लिहा, ही सोय जावा ६ पासूनच आहे. फक्त तीन गोष्टी ध्यानात ठेवा, तो तारा फक्त जार उचलतो, सुट्या क्लास फाइल नाही, आतल्या सबफोल्डरमध्ये जात नाही, आणि तारा.जार असं लिहायचं नाही, नुसता तारा. लिनक्सवर कोट्स विसरलात तर तारा जावाकडे पोचायच्या आधी शेलच तो उलगडतो आणि दुसऱ्या नंबरच्या जारला मेन क्लास समजलं जातं.

पण लिबमध्ये सगळं टाकायची सवय लागली की वेगळाच घोळ होतो, त्याच लायब्ररीची जुनी आणि नवी अशा दोन जार तिथे शेजारी शेजारी बसतात. पहिली सापडेल ती घेतली जाते, आणि ताऱ्याने दिलेल्या जारमध्ये पहिली कुठली याची काही हमी नाही. मग नो सच मेथड एरर, म्हणजे क्लास सापडला पण जुना सापडला, त्यात ती मेथडच नाही. एका मित्राच्या लॅपटॉपवर चालतं, दुसऱ्याच्या नाही, असलं काही ऐकलं की मी आधी लिब फोल्डरचा फोटो मागते.

जावाच्या व्हर्जनचंही थोडं सांगते. प्रत्येक क्लास फाइलमध्ये सुरुवातीलाच एक नंबर असतो, जावा ८ ला ५२, ११ ला ५५, १७ ला ६१, २१ ला ६५, म्हणजे जावाच्या व्हर्जनमध्ये ४४ मिळवले की झालं. जार १७ वर बनलेली असेल आणि तुमच्याकडे ८ असेल तर कंपायलर म्हणतो राँग व्हर्जन ६१, ५२ पाहिजे, आणि रन करताना तेच दुखणं अनसपोर्टेड क्लास व्हर्जन एरर म्हणून येतं. लॅबमधल्या मशीनवर जुनं जावा असणं नेहमीचंच आहे. तुमच्या कोडपुरतं --रिलीज ८ देऊन जुन्या मशीनवर चालेल अशी क्लास फाइल बनवता येते, हा पर्याय जावा ९ पासून आहे, पण त्याने बाहेरची जार बदलत नाही, तिचं जुनं व्हर्जनच शोधावं लागतं.

आता जे सल्ले फिरत असतात त्याबद्दल. एक म्हणजे क्लासपाथ नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बनव आणि त्यात जार टाक. चालतं, पण करू नका. ते पूर्ण मशीनला लागू होतं, त्यात टिंब नसेल तर उद्या अगदी साधा हॅलो वर्ल्डसुद्धा चालत नाही आणि कारण कळत नाही, आणि कमांडमध्ये सीपी दिलं की ते व्हेरिएबल पूर्णच बाजूला पडतं, दोन्ही यादी एकत्र होत नाहीत. दुसरा सल्ला, जावाच्या फोल्डरमध्ये लिब, त्यात ईएक्सटी, तिथे जार टाकून दे. हा एकेकाळी चालायचा. २०१७ च्या जावा ९ मध्ये ती सोयच काढून टाकली, आता तसं फोल्डर बनवून ठेवलंत तर जावा सुरूच व्हायला नकार देतं. आणि पाथ नावाच्या व्हेरिएबलचा तर या सगळ्याशी संबंधच नाही, तो विंडोजला जावासी डॉट ईएक्सई कुठे आहे ते कळावं म्हणून. त्यात जार घालून काही होत नाही.

एक्लिप्स किंवा व्हीएस कोड वापरलं तर हे सगळं सुटतं का? सुटत नाही, फक्त हीच यादी तुमच्या वतीने दुसरं कोणीतरी लिहितं. एक्लिप्समध्ये बिल्ड पाथमध्ये जाऊन अॅड एक्स्टर्नल जार्स केलं की तीच सीपीची यादी तयार होते. व्हीएस कोडचं जावा एक्स्टेंशन लिब फोल्डरमधल्या जार आपणहून धरतं. एक्लिप्समध्ये मात्र एक सापळा आहे, नवीन प्रोजेक्ट बनवताना तो मॉड्यूल-इन्फो नावाची फाइल बनवू का विचारतो, आपण बघितल्यासारखं करून हो म्हणतो, आणि मग प्रोजेक्ट मॉड्यूल होतो आणि क्लासपाथवरच्या जारकडे बघतच नाही, त्याला मॉड्यूलपाथ हवा असतो. कॉलेजच्या प्रोजेक्टला मॉड्यूलची गरज नसते, ती फाइल डिलीट करा, काम होतं.

जार आणायची कुठून, तर मेव्हन सेंट्रल या जारच्या सार्वजनिक साठ्यावरून किंवा त्या लायब्ररीच्या स्वतःच्या साइटवरून, कुठल्याही डाउनलोडवाल्या साइटवरून नको. क्लासपाथवर टाकलेला कोड तुमच्या प्रोग्रामचे सगळे अधिकार घेऊन चालतो, त्याला वेगळी बेडी नसते. लॉगफॉरजे तर साधी लॉग लिहिणारी आणि नावाजलेली लायब्ररी, तरी डिसेंबर २०२१ मध्ये तिच्यात असं भोक सापडलं की बाहेरून पाठवलेला एक मजकूर लॉगमध्ये गेला तर सर्व्हरवर परका कोड चालवता यायचा, आणि जगभरातल्या टीम आपल्या कुठल्या प्रोग्राममध्ये ती जार आहे ते शोधत बसल्या. म्हणून लिबमध्ये काय आहे आणि कुठल्या व्हर्जनचं आहे ते आपल्याला माहीत असलंच पाहिजे, प्रोजेक्ट कितीही लहान असो. मेव्हन किंवा ग्रेडल ही प्रोजेक्ट बांधायची टूल वापरली तर हे शोधणं, एकावर एक लागणाऱ्या जार आणणं, सगळं आपोआप होतं, आणि मोठ्या कामाला तेच वापरावं. पण हातात सीपी घेऊन एकदा तरी काम केलेलं असेल तर मेव्हनचा एरर आला तरी तो कशाबद्दल बोलतोय ते कळतं, म्हणून आधी हे शिका असं माझं ठाम मत आहे.

मराठीत आउटपुट छापणाऱ्यांसाठी एक सेटिंग सांगून ठेवते. सभासदांची नावं कोडमध्ये देवनागरीत लिहिली आणि स्क्रीनवर भलतीच चिन्हं आली तर जावासीला -एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. २०२२ च्या जावा १८ पासून हेच डिफॉल्ट आहे, त्याआधी विंडोजवर मशीनचं जुनं एन्कोडिंग धरलं जायचं. कमांड प्रॉम्प्टचा स्वतःचा फॉन्ट आणि कोडपेज हा आणखी वेगळा भाग, पण निदान क्लास फाइलमध्ये नाव बरोबर जातं.

शेवटी प्रोजेक्ट दुसऱ्याला देण्याचं. सरांना एक जार द्यायची आणि जावा -जार म्हणून चालवायची असं बरेच जण करतात, आणि मग घरी चालणारं तिथे चालत नाही. जावा -जार दिलं की सीपी आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दोन्हीकडे पूर्ण दुर्लक्ष होतं, यादी फक्त त्या जारच्या आतल्या मॅनिफेस्ट नावाच्या माहितीच्या फाइलमधून घेतली जाते. तिथे मेन-क्लासची ओळ आणि क्लास-पाथची ओळ लिहायची, जारची नावं स्पेस देऊन, सेमीकोलन नाही, तारा चालत नाही, आणि रस्ता तुमच्या जारपासून मोजायचा. शेवटच्या ओळीनंतर एंटर मारायला विसरू नका, नाहीतर ती ओळ धरलीच जात नाही. जीसॉनची जार तुमच्या जारच्या पोटात टाकून मोकळं व्हावं असं वाटतं, पण जारच्या आतली जार जावा स्वतःहून उघडत नाही.

त्यापेक्षा कॉलेजच्या कामाला मला साधी रचना आवडते. एक फोल्डर, त्यात एसआरसीमध्ये कोड, लिबमध्ये जार, आउट नावाचं रिकामं फोल्डर, आणि रन डॉट बॅट नावाची दोन ओळींची फाइल:

जावासी -एन्कोडिंग यूटीएफ-८ -सीपी "लिब/*" -डी आउट एसआरसी\*.जावा

जावा -सीपी "आउट;लिब/*" हिशोब

डी म्हणजे क्लास फाइल कुठे टाकायच्या ते. पहिल्या ओळीत टिंब लागलं नाही कारण एसआरसीमधल्या सगळ्या फाइल आपण नावाने दिल्यात, आणि दुसऱ्या ओळीत टिंबाच्या जागी आउट आलं कारण आपले क्लास आता तिथे पडलेत. सी ड्राइव्ह, युजर्स, अमुकतमुक असला एकही पूर्ण रस्ता यात नाही, त्यामुळे फोल्डर पेनड्राइव्हवर घातलं आणि दुसऱ्या मशीनवर उघडलं तरी, तिथे पुरेसं नवीन जेडीके, म्हणजे कंपायलरसकट येणारं जावा, असलं आणि जावासी त्या मशीनच्या पाथमध्ये असलं की, रन डॉट बॅटवर डबल क्लिक केलं की चालतं. विंडो लगेच बंद होत असेल तर तिसरी ओळ पॉज लिहा.